प्रकल्प नोंदी: पुण्यात घर, ३१ मार्चच्या आत

१४ जानेवारी २०२४, रविवार. झाशी

भोगीची भाजी गॅसवर होती. हे दारात उभे राहून म्हणाले, "आलं." बूटही काढले नव्हते. काय आलं हे विचारावं लागत नाही. बारा वर्षांच्या संसारात हा शब्द चौथ्यांदा ऐकला.

मार्चअखेर युनिट फील्डला जाणार. कुठे ते या वहीतही लिहिणार नाही. थंडीचं ठिकाण, फॅमिली नेता येत नाही, एवढं पुरे. हे अ‍ॅडव्हान्स पार्टीत, म्हणजे युनिटच्या आधी जाणाऱ्या तुकडीत आहेत, म्हणजे यांचा मुक्काम २० मार्चपर्यंतच.

यांची रेजिमेंट इंजिनिअरांची. ओढ्यावर साकव टाकायचा असला तरी लॉगबुक ठेवतात: तारीख, काय झालं, काय अडलं, उद्या काय. म्हटलं, घर शोधणं हे साकवापेक्षा सोपं काम नाही. तर ही वही.

काम: कुटुंबासाठी घर. मुदत: शाळेचं नवं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, त्याआधी. माणसं: मी; हे (वर लिहिलेल्या तारखेपर्यंत); थोरली, सहावीत; बारका, पहिलीत, दम्याचा त्रास; चाकणला कंपनीत असलेला माझा दादा. बजेट: ठरायचंय.

१७ जानेवारी

चार वाटा आहेत.

पहिली, इथेच राहणं. नवरा फील्डला गेला तरी परवानगी काढून काही जणी क्वार्टरमध्ये राहतात. पण युनिट गेलं की क्वार्टरची लाइन ओस पडते. शेजारच्या पंजाबी भाभी जालंधरला, समोरची केरळला. नवं युनिट येईल, त्यातलं कोणी ओळखीचं नसेल आणि झाशीचा मे महिना तर डोक्यावर बसलेलाच. नको.

दुसरी, गावी. आत्यांचं, म्हणजे सासूबाईंचं, म्हणणं सरळ आहे: घर असताना घर कसलं शोधताय? साताऱ्याकडे हे म्हणणं खोटं ठरवणं अवघड. माझं माहेर अपशिंगे मिलिटरीच्या बाजूचं. तिथे घरटी फौजी, आणि बायका सासरीच राहिल्या. माझ्या आजीने मनीऑर्डर आणि आंतर्देशीय पत्रांवर आजोबांची अख्खी नोकरी काढली. पण आजीच्या पोरांना रात्री दोनला नेब्युलायझर लागत नव्हता. गावातून मिलिटरी हॉस्पिटल गाठायचं म्हणजे पुणंच, शंभरावर किलोमीटर. शिवाय दोघं केंद्रीय विद्यालयात शिकलेली, आता मध्येच शाळेची तऱ्हा बदलायची नाही. आत्यांना हे सांगायचं काम यांच्याकडे.

तिसरी, पुण्यात एसएफ क्वार्टर. सेपरेटेड फॅमिली. नवरा फील्डला असताना बायकापोरांना राहायला सरकारी घर. भाडं नाही, गेटवर पहारा, एमआय रूम (फौजी दवाखाना) चालत जाण्याच्या अंतरावर. सगळ्यांनाच हवं असतं, त्यामुळे यादी असते.

चौथी, सिव्हिलमध्ये भाड्याने.

ठरलं: तिसरीचा अर्ज करायचा आणि चौथीचं काम असं करायचं की तिसरी नाहीच.

२२ जानेवारी

अर्ज गेला. पोस्टिंग ऑर्डरची प्रत, मुलांची डिपेंडंट कार्डं, जोडफोटो, बारक्याच्या उपचारांचे कागद. जोडफोटोत माझे डोळे मिटलेत. क्लार्क म्हणाला, चालतं मॅडम, ओळखू येतंय.

२ फेब्रुवारी

यादीत नंबर ६४. कोण कधी घर सोडतं त्यावर यादी हलते. क्लार्कने "जल्दी हो जाएगा" म्हटलं नाही. या प्रामाणिकपणाबद्दल त्याला मनातून सलाम.

४ फेब्रुवारी, रविवार

आजपासून चौथी वाट. हजार-बाराशे किलोमीटरवरून फोन.

पट्टा ठरवला: विश्रांतवाडी, कळस, धानोरी, दिघी, बोपखेल, खडकी बाजार. कारण खडकीचं मिलिटरी हॉस्पिटल आणि त्या बाजूची केंद्रीय विद्यालयं. वानवडीला कमांड हॉस्पिटल आहे खरं, पण तिकडची भाडी ऐकून मी नकाशाची घडी घातली.

भाड्याचं गणित: यांचं बेसिक ३७,०००. पुणे एक्स वर्गाचं शहर, एचआरए (घरभाडे भत्ता) २७ टक्के, म्हणजे ९,९९०. फील्डला गेल्यावर कुटुंब जिथे ठेवलंय त्या गावाच्या दराने मिळतो. तर दहा हजारांच्या आसपास शोधावं, जास्तीत जास्त बारा.

आज अकरा फोन झाले. नोंद अशी की हे बोलले तर घर लगेच "गेलेलं" असतं, मी बोलले तर अजून असतं.

चौथ्या फोनला कारण कळलं. हे नेहमीप्रमाणे सुरू झाले, "नमस्कार, मी आर्मीत हवालदार आहे, पुण्याला फॅमिली ठेवायची आहे, घर बघायला लगेच येता येणार नाही..." पलीकडचे काका म्हणाले, "हो का? आता क्यूआर कोड पाठवणार असाल." आणि फोन ठेवला.

काकांचं चुकलं नाही. गेली काही वर्षं भामट्यांनी हीच कॅसेट लावलीय. मी जवान, बदली झालीय, घर न बघताच पसंत, डिपॉझिट आत्ता पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका. पिन टाकला की घरमालकाचेच पैसे जातात. हे जे खरं बोलले ते शब्द न शब्द त्या भामट्याच्या बोलण्याशी जुळत होतं. बघायला येता येणार नाही, हे तर आमचं वाक्यच आहे.

६ फेब्रुवारी

कळसच्या एका बाईंचं घर जमत आलं होतं. वन बीएचके, ११,०००, पहिला मजला. म्हणाल्या, खात्री म्हणून मिस्टरांच्या आर्मी आयकार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा. हे म्हणाले, नाही.

मी भांडले. एक फोटो तर आहे. यांनी शांतपणे सांगितलं की आयकार्डाचा आणि कँटीन कार्डाचा फोटो कोणालाही पाठवायचा नसतो. भामटे जे कार्ड दाखवून लोकांना गंडवतात ते अशाच कोणीतरी भाबडेपणाने पाठवलेलं असतं. बाईंना मी आधार आणि मुलांच्या शाळेची पावती पाठवते म्हटलं. त्या म्हणाल्या, मग आर्मीचं का लपवताय?

घर गेलं. कार्ड मागणारी बाईही बरोबर आणि न देणारा माणूसही बरोबर. रात्री मला यांचाच राग येत राहिला, कारण तेच समोर होते.

११ फेब्रुवारी, रविवार

आज उलटा खेळ. एका साइटवर जाहिरात: टू बीएचके, पुणे कॅम्प, भाडं ९,०००, फर्निचरसकट. कॅम्पात त्या पैशांत पार्किंगही मिळायचं नाही. तरी फोन केला. पलीकडून, "मेजर साहब बोल रहा हूँ."

इथेच संपलं होतं खरं तर. कुठलाच मेजर स्वतःला साहब म्हणवत नाही. पण मला पुढचं ऐकायचं होतं. घर लष्करी हद्दीत, बघायला येण्याआधी गेटपासचे २,५०० भरायचे, परत मिळतील. मी फोन यांना दिला. हे अगदी अदबीने, "सर, आर्म कौनसी?"

"आर्म? इंडियन आर्मी."

फौजेत आर्म म्हणजे इन्फंट्री, तोफखाना, सिग्नल, इंजिनिअर यांतलं काय ते. हे हसायचं दाबत म्हणाले, "जय हिंद सर," आणि ठेवला. नंबर सायबरच्या १९३० हेल्पलाइनला कळवला. भाभींना सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या. मला तेवढं हसू आलं नाही. कळसच्या बाईंना असाच कोणीतरी भेटला असणार.

१८ फेब्रुवारी, रविवार

दादाने सुट्टीचा दिवस घालवून सहा घरं पाहिली. मी यादी दिली होती: पाणी किती वेळ, टँकर लागतो का, भिंतीला ओल, रात्री गल्लीत दिवा, तळमजल्याला जाळी, मिलिटरी हॉस्पिटलला रिक्षा किती घेते. दादाने सहाही घरांचे व्हिडिओ पाठवले. सगळ्यांत छताचा पंखा नीट दिसतोय, ओल एकातही नाही. पुरुषांचे व्हिडिओ.

ठरलं, मी स्वतः जाणार. यांना आठ दिवसांची कॅज्युअल रजा मिळाली. मार्चमध्ये मुलांची परीक्षा, त्यामुळे आत्ताच. पोरं भाभींकडे.

२५ फेब्रुवारी, रविवार. पुणे

झेलम एक्स्प्रेसने आलो. जम्मूहून येणारी ही गाडी म्हणजे अर्धी फौजीच. समोरच्या बर्थवर एक जवान पहिल्यांदा बाळ बघायला निघाला होता, दौंडपर्यंत त्याने फोटो दाखवले.

दुपारपासून तीन घरं.

धानोरी. नवा टॉवर, १७,०००. बजेटबाहेर, पण दादाच्या मित्राचा ओळखीचा एजंट, म्हणून गेलो. खाली टँकर उभा होता तेव्हाच उत्तर मिळालं. वर सोसायटीच्या ऑफिसात फॉर्म. एक सद्गृहस्थ म्हणाले, "मिस्टर राहणार नाहीत, मग नक्की कोण कोण राहणार?" मी म्हटलं, मी आणि दोन मुलं. "आणि येणारंजाणारं?" हे शेजारीच बसले होते. यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी फॉर्म परत केला, पेनसुद्धा.

बोपखेल. घर छान, दोन खोल्या, ९,५००, आंब्याचं झाड. अडचण रस्त्याची. सीएमईच्या (कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग) हद्दीतून जाणारा गावाचा जुना रस्ता २०१५ पासून लोकांना बंद आहे, तेव्हापासून गावाला मोठा वळसा पडतो. खडकीकडे जाणाऱ्या नव्या पुलाचं काम संपत आलंय म्हणतात. मालक आमच्याकडे बघून म्हणाला, "तुमच्याच लोकांनी बंद केलाय." हे काय बोलणार? आमच्याकडे कार्ड असेल, पण व्हॅनवाल्याकडे नसणार आणि रात्री दोनला रिक्षावाल्याकडेही नसणार. आंब्याकडे बघत निघाले.

खडकी बाजार. हॉस्पिटल एवढं जवळ की मी मनात सामान लावूनही टाकलं. जुनं घर, जाड भिंती, मालकीण गोड. हे बोलत बोलत मागच्या खोलीत गेले आणि कपाटामागे भिंतीला तळहात टेकवून उभे राहिले. सॅपर (फौजेतला इंजिनिअर) माणूस भिंतीशी हात मिळवतो. "ओल आहे. रंग नवा दिलाय." बारक्याचं नाव न घेता दोघं बाहेर पडलो.

२६ फेब्रुवारी, सोमवार

दिघी. आळंदी रोडच्या या पट्ट्यात माजी सैनिकांची घरं पुष्कळ. पाट्यांवरून कळतं: सुभेदार (निवृत्त), ऑनररी कॅप्टन. दुसरा मजला, लिफ्ट नाही, दोन खोल्या आणि बंदिस्त गॅलरी. भाडं १३,०००. मालक तोफखान्यातले निवृत्त सुभेदार, पांढऱ्या मिशा, बनियनवर स्वेटर.

त्यांनी कागद मागितला नाही. यांना विचारलं, "सेंटर कुठलं?" हे म्हणाले, "खडकी." "म्हणजे बीईजी, बॉम्बे इंजिनिअर ग्रुप. कुठल्या साली भरती?" यांनी सांगितलं. "तेव्हा ट्रेनिंगमध्ये मोठी परेड कुठल्या ग्राउंडवर व्हायची?" यांनी सांगितलं. सुभेदार साहेब म्हणाले, "चहा ठेव गं," आणि तेवढ्यात खात्री झाली. महिनाभर मी जे सिद्ध करत होते ते दीड मिनिटात झालं.

मग खेचाखेची. मी भिंतीला हात लावत होते (आता मीही शिकले). ओल नाही. पाणी सकाळी दीड तास, वर टाकी. सिंकखालचा पाइप गळतो, करून देतो म्हणाले. गेट रात्री दहाला बंद. हा नियम त्यांच्या स्वतःच्या मुलालाही आहे, तो पस्तीसचा आहे.

अडलं ते लॉक-इनवर. एजंटचा ठरलेला मसुदा: अकरा महिने, आधी सोडलं तर उरलेलं भाडं भरायचं. मी म्हटलं, एसएफच्या यादीत नाव आहे, घर मिळालं तर जावं लागेल. सुभेदार साहेब भडकले. "फौजी म्हणून देतोय आणि तुम्ही आधीच जायचं बोलताय!" यांनी मान खाली घातली, वरच्या रँकसमोर घालतात तशी. मी घातली नाही. म्हटलं, साहेब, तुम्ही फील्डला होतात तेव्हा काकू कुठे होत्या?

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "सासरी. सात वर्षं. क्वार्टर आलं होतं एकदा, यांना तार मिळाली तोवर दुसऱ्याला गेलं."

ठरलं: तीन महिने लॉक-इन, पुढे एक महिन्याची नोटीस. भाडं १२,५००. डिपॉझिट ४०,०००.

काकू वर हेही म्हणाल्या की आषाढी वारीला माउलींची पालखी आळंदीहून याच रस्त्याने पुण्याला जाते, गॅलरीतून दिसते. हे मुद्द्यात धरलं नाही, पण लिहून ठेवते.

२७ फेब्रुवारी

करार कोणाच्या नावे? एजंट म्हणाला मिस्टरांच्या, तसंच असतं. अकरा महिन्यांनी नूतनीकरणाला आधारवर बोटाचा ठसा लागणार आणि बोट बर्फात. मी हे बोलायच्या आधी काकूच म्हणाल्या, "राहणार ती, तर अंगठा तिचा."

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावाच लागतो आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. हे ज्यांना सांगायचं त्यांनी वाचावं: नुसत्या शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी म्हणजे करार नव्हे. स्टॅम्पचा हिशेब असा: अकरा महिन्यांचं भाडं १,३७,५००, अधिक डिपॉझिटवर दहा टक्के दराने धरलेलं व्याज, दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का. म्हणजे साडेतीनशेच्या वर, ४०० भरले. नोंदणी फी १,०००. एजंटची दलाली एक महिन्याचं भाडं. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं सुभेदार साहेबांनी दुपारच्या आत उरकलं.

माझा अंगठा तीनदा उठला नाही. भांडी घासून रेषा गेल्यात, एजंट म्हणाला. चौथ्यांदा तर्जनीवर झालं. हे साक्षीदार. कागदावर "परवानाधारक" म्हणून माझं नाव, माहेरच्या स्पेलिंगच्या चुकीसकट.

७ मार्च, गुरुवार. झाशी

रात्रीच्या बातम्या: मंत्रिमंडळाने महागाई भत्ता ५० टक्के केला. त्याबरोबर एक्स शहरांचा एचआरए २७ वरून ३०. यांनी जेवता जेवता बोटांवर केलं: ११,१००. भाड्यातली तूट २,५१० होती ती १,४०० झाली. भाभींकडे लगेच गेले. त्यांच्या जालंधरचं त्या मोजत होत्या. उद्या महाशिवरात्र, साबुदाणा दोघींनी मिळून भिजवला.

१६ मार्च, शनिवार

पेट्या. सहा मोठ्या काळ्या ट्रंका, चार लाकडी खोकी, बाकी पोती आणि गाठोडी. एकूण २३ नग. प्रत्येकावर नंबर, आणि वहीत कुठल्या नंबरात काय. मागच्या बदलीला नेब्युलायझर शोधायला पाच ट्रंका उघडल्या होत्या, या वेळी तो माझ्या पर्समध्ये.

आज एक गोष्ट लक्षात आली आणि मी जमिनीवर बसले. आमच्याकडे पलंग नाही. बारा वर्षं झोपलोय ते एमईएसच्या (मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस) सरकारी खाटांवर. टेबल, खुर्च्या, जेवणाचं मेज, सगळ्यावर पांढऱ्या रंगात नंबर, सगळं परत करायचं. क्वार्टर बदललं तरी खाट तीच असावी अशी दिसते, त्यामुळे ती आपली नाही हे विसरायला होतं. आमच्या मालकीचं फर्निचर: शिलाई मशीन, टीव्हीचं स्टँड, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या.

बजेटमध्ये नवी ओळ: खाटा दोन, गाद्या, १४,०००. बदलीचं अनुदान बेसिकच्या ८० टक्के, म्हणजे २९,६००. पण ते क्लेम पास झाल्यावर. ट्रकवाला ३६,००० मागतोय, अर्धे आधी. डिपॉझिट आणि दलाली आधीच गेलीय. दादाकडून २५,००० उसने. यांना आवडलं नाही. मलाही.

२० मार्च, बुधवार

हे पहाटे साडेचारला गेले. थोरली उठली होती. बारका झोपेत होता, त्याला उठवलं नाही. आता सकाळपासून तो विचारतोय की का नाही उठवलं. त्याचं बरोबर आहे.

कामाची नोंद: गॅस कनेक्शन बंद करून ट्रान्सफर व्हाउचर घेतलं. मोटरसायकल साताऱ्याची, एमएच ११, त्यामुळे आरटीओची एनओसी लागली नाही. हे यांनी सात वर्षांपूर्वी शहाणपणाने केलेलं, तेव्हा मी उगाच बोलले होते.

२७ मार्च

ट्रक भरला. रिअर पार्टीतले, म्हणजे मागे थांबलेल्या तुकडीतले दोघं जण आले, सांगायला गेले नव्हते. एक बिहारचा, एक नांदेडचा. नांदेडचा म्हणाला, "वहिनी, देवांची पेटी कुठलीय? ती शेवटी ठेवू, म्हणजे आधी उतरंल." ट्रंकांवर जुन्या युनिटचं नाव आणि यांचा नंबर रंगवलेला, त्यावर त्याने वर्तमानपत्र चिकटवून दिलं. रस्त्यात कोणाला कशाला वाचायला.

२८ मार्च, गुरुवार

निकाल. थोरलीला गणितात अपेक्षेपेक्षा बरे. दोघांचे टीसी घेतले. वडिलांचं पोस्टिंग नॉन-फॅमिली स्टेशनला असल्याचं युनिटचं सर्टिफिकेट सोबत. केंद्रीय विद्यालयात फौजींसाठी ही सोय आहे: बाप फॅमिली नेता येत नाही अशा ठिकाणी गेला, तर कुटुंब जिथे ठेवाल तिथल्या शाळेत टीसीवर प्रवेश मागता येतो. कागद मात्र मूळ हवा, सहीशिक्क्याचा. झेरॉक्सवर एक बाई परत गेलेली मी डोळ्यांनी पाहिलीय.

३० मार्च, शनिवार

सकाळी मार्च आउट, म्हणजे क्वार्टर परत देणं. बॅरेक स्टोअरचा माणूस यादी घेऊन आला. खाटा मोजल्या, बल्ब मोजले. जाळीच्या दाराला भोक, बारक्याच्या चेंडूचं. एक नळ. नुकसानीचे ३४०. भिंतीवर थोरलीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या, २०२१ पासूनच्या. त्या मी काल रात्री पुसायला घेतल्या आणि दोन पुसल्यावर सोडून दिल्या. त्याने पाहिल्या, लिहिल्या नाहीत.

भाभी परवाच गेल्या. किल्ली दिली. दुपारची झेलम, तिकिटं एमसीओकडून (स्टेशनवरचं फौजी प्रवासाचं ऑफिस) कन्फर्म झाली होती.

२ एप्रिल. दिघी

ट्रक काल रात्री पावणेदहाला पोचला. गेट दहाला बंद. सुभेदार साहेब स्वतः गेटवर उभे, घड्याळ बघत, आणि शेवटच्या नगापर्यंत उभेच. साडेअकरा वाजले. नियमाबद्दल एक अक्षर नाही. २३ पैकी २२ नग आले. नग क्र. १७ (कुंड्या आणि बादल्या) वाटेत कुठेतरी. ट्रकवाला म्हणतो भरलाच नव्हता. वहीत आहे.

सिंकखालचा पाइप अजून गळतोय.

३ एप्रिल

शाळेत दोघांचेही कागद घेतले. थोरलीचं नक्की, बारक्याचं उद्या सांगतो म्हणाले. थोरली वाटेत म्हणाली, इथे बाहेर सगळे मराठी बोलतात. पहिलीपासून शाळेत हिंदी, खाली उतरलं की पंजाबी, मराठी फक्त घरात आणि फोनवर आजीशी. भाजीवाल्या मावशीने तिला "काय गं बाय" म्हटलं तर ती माझ्याकडे बघायला लागली, आपलं घरातलं गुपित हिला कसं माहीत असं.

४ एप्रिल

बारक्याचंही झालं.

५ एप्रिल, रात्र

अ‍ॅटॅक आला. दीड वाजता. ट्रकची धूळ, नवी गादी, काय ते कळलं नाही. नेब्युलायझर दिला, उतरेना. थोरलीला उठवलं तर ती एकटी राहायला तयार नव्हती आणि न्यायचंही नव्हतं. खाली जाऊन बेल वाजवली. काकू पदर खोचून वर आल्या, थोरलीजवळ झोपल्या. सुभेदार साहेबांनी जुनी मारुती काढली. गेटचं कुलूप त्यांच्याकडेच. खडकीला पोचायला १९ मिनिटं. यादीत मी "रिक्षा किती घेते" लिहिलं होतं. मालकाकडे गाडी आहे का, हे लिहायला हवं होतं.

पहाटे पाचला परत. बारका आता बरा. यांना कळवलेलं नाही. फोन लागतो तेव्हा तीन-चार मिनिटं लागतो, त्यात हे सांगून पुढचे चार दिवस त्यांना तिकडे जागं ठेवायचं नाही. रविवारी सांगेन, झाल्यावर सांगतात तसं.

९ एप्रिल, मंगळवार. गुढीपाडवा

झाशीला गुढी क्वार्टरच्या खिडकीला बांधायचे, लोक विचारायचे हे काय. इथे गल्लीत प्रत्येक गॅलरीत. माझा तांब्या नग क्र. ८ मध्ये होता, सापडला. कळकाची काठी काकूंनी दिली.

यांचा फोन आला. बारका म्हणाला, "पप्पा, मी रात्री मारुतीत बसलो." मी रविवारी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. पलीकडे जरा वेळ काही नाही. मग, "साहेबांना द्या फोन." मी खाली नेऊन दिला. सुभेदार साहेब नुसतं "हां... हां... अरे हो" एवढंच बोलले आणि फोन मला परत देऊन आत गेले.

१३ एप्रिल

हिशेब. डिपॉझिट ४०,०००. दलाली १२,५००. करार १,४००. ट्रक ३६,०००. खाटा-गाद्या १३,२००. क्वार्टरचं नुकसान ३४०. पुण्याची फेब्रुवारीतली फेरी ४,१००. हरवलेला नग १७ धरला नाही. एकूण १,०७,५४०, त्यातले ४०,००० कधीतरी परत. क्लेमचे कागद यांच्या सहीसाठी गेलेत, सही होऊन येतील तेव्हा येतील. दादाला दहा दिले, पंधरा राहिले.

२० एप्रिल, शनिवार

एसएफच्या यादीत चौकशी केली. ५७. अडीच महिन्यांत सात माणसं पुढे सरकलो.

काकूंनी विचारलं, घर मिळालं की जाणार ना? मी म्हटलं, बघू. त्या म्हणाल्या, बघू कशाला, जा, तुझ्या हक्काचं आहे. आणि वाटीभर मिरचीचा ठेचा ठेवून गेल्या.

ट्रंका २, ५ आणि ६ उघडलेल्या नाहीत. लोकरीचे कपडे, जास्तीची भांडी, आत्यांनी दिलेली पितळी घागर. उघडल्या नाहीत तर पुन्हा भरायला नकोत. त्यावर गोधडी टाकून थोरलीने अभ्यासाची बैठक केलीय.

पाइप आज दुरुस्त झाला. पडद्याच्या कड्या नग क्र. ९ मध्ये आहेत, उद्या काढायच्या.